झापडांखालचे पंचेचाळीस तास

बाईंना शनिवारपासून एकच चित्र दिसत होतं आणि ते काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. चहूकडे पांढरं, नुसतं पांढरं, काचांवर बाहेरून कुणी ओली चादर टाकावी तसं. त्या पांढऱ्यात एक छोटं विमान हळूहळू एका अंगावर कलतंय. आत दोघंच. डावीकडच्या खुर्चीत विशीतलं कुणीतरी पोर, घामेजल्या हातांनी दांडा धरून बसलेलं. उजवीकडे बाईंची लेक. आणि लेक त्या पोराला अगदी मायेनं सांगतेय, "छान. असंच धरून ठेव."

ह्याच्या पुढचं बाई बघत नसत. उठून काहीतरी कामाला लागत. रविवारी दुपारी लेक परत गेली, तेव्हापासून अंधार पडेपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले, पडदे उतरवून पुन्हा लावले आणि शेवटी स्टूल ओढून त्यावर चढल्या.

"कुणी पाहुणे येणारेत का?" लेकीच्या बाबांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"नाही. का?"

"नाही, पंख्याची पाती पुसतेयस, म्हणून म्हटलं. लग्न होऊन आलीस तेव्हा पुसली होतीस."

एरवी बाईंनी ह्याला सव्याज उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्या नुसत्याच पुसत राहिल्या. कारण ते चित्र त्यांनी मनानं रंगवलेलं नव्हतं. त्यातलं अर्धं गेल्या मंगळवारी खरंच घडलं होतं, आणि उरलेलं अर्धं घडू नये असं सांगायची संधी शनिवारी चालून आली असताना त्यांनी ती हातची घालवली होती.

बाई म्हणजे टायपिंगच्या बाई. पदवी घेतल्यावर दोन वर्षं एका कचेरीत काढली आणि मग स्वतःचा वर्ग सुरू केला, तो तीस वर्षं चालवला. एका दुमजली इमारतीत खाली चष्म्याचं दुकान, वर बाईंचा वर्ग. चौदा यंत्रं, चौदा स्टुलं आणि चौदा कापडं. कापडाचं एक टोक चिमट्यानं यंत्राला अडकवायचं, दुसऱ्या टोकाच्या नाड्या विद्यार्थ्याच्या गळ्यात बांधायच्या. हात कापडाखाली. बोटं दिसता कामा नयेत, अक्षरं दिसता कामा नयेत. पोरं त्या कापडाला लाळेरं म्हणायची. पंचविशीचे बाप्ये गळ्यात लाळेरं बांधून ओळीनं बसलेत असं दृश्य पाहून खालचा चष्मेवाला हसून लोटपोट व्हायचा. बाई हसायच्या नाहीत. "डोळे कागदावर, बोटं आपापल्या घरी," एवढंच म्हणायच्या आणि पाठ करून फिरत राहायच्या. त्यांना बघावं लागतच नसे. जो चोरून खाली बघतो त्याच्या बोटांचा ताल तुटतो; चौदा यंत्रांच्या खडखडाटात तो तुटलेला ताल त्यांना बरोबर ऐकू यायचा. "तिसरं स्टूल, मान वर," असं त्या खिडकीकडे तोंड करून म्हणायच्या आणि तिसऱ्या स्टुलावरचा दचकायचा.

लेक ह्याच खोलीत, स्टुलांच्या पायांमधून रांगत मोठी झाली. आणि डोकावायची खोड घेऊनच मोठी झाली. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणार. पट्टी बांधलेली जखम बरी झाली का, हे दिवसातून चार वेळा पट्टी उचलून बघणार. वाढदिवसाची वस्तू कुठं लपवलीय ते आठ दिवस आधी हुडकणार आणि त्या दिवशी असा काही आश्चर्याचा चेहरा करणार, की बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

ती चौथीत असताना शाळेनं मुलांना एका धावपट्टीवर नेलं होतं. तिथल्या वैमानिकाला तिनं विचारलं, "काका, ढगात शिरल्यावर रस्ता कसा दिसतो?" तो म्हणाला, "दिसत नाही. आपण बाहेर बघायचंच नाही. ही सहा घड्याळं सांगतील ते ऐकायचं." घरी आली ती पाय आपटतच. "आई, तो माणूस म्हणतो, बघायचंच नाही! मग विमानात बसायचं कशाला?" त्या रात्री जेवताना म्हणाली, "मी मोठेपणी ते करणार." बाबा म्हणाले, "काय? न बघणं?" "हो."

आणि केलंही. पाच तासांच्या अंतरावर एक उड्डाणशाळा होती. पत्र्याचं मोठं छप्पर, त्याखाली चार जुनी विमानं, शेजारी मुलींसाठी तीन खोल्या. तिथं तिनं विमान शिकलं, परवाना मिळवला. मग यंत्रांच्या भरवशावर उडायला शिकली, म्हणजे ढग असो की धुकं, समोरच्या घड्याळांवर नजर ठेवून विमान सरळ न्यायचं. त्याचा सराव स्वच्छ उजेडात करतात. शिकणाऱ्याच्या कपाळावर प्लॅस्टिकची एक लांब टोपीसारखी पट्टी चढवायची. त्यातून फक्त समोरची घड्याळं दिसतात, खिडकी दिसत नाही. शेजारी बसलेला शिक्षक दोघांच्या वतीनं बाहेर बघतो. शाळेत त्या पट्टीला हूड म्हणत. लेक म्हणायची झापडं. "आई, घोड्याला लावतात ना, तशी. तुझ्या लाळेऱ्यानं इथंही माझी पाठ सोडली नाही बघ." फोनवर दोघी खूप हसल्या होत्या.

झापडांखालचे तिचे पंचेचाळीस तास झाले, परीक्षा झाली, कागद मिळाला. आणि यंदा त्याच शाळेत यंत्रांवरचं उड्डाण शिकवणाऱ्याची जागा निघाली. एकच जागा. त्यासाठी आधी शिकवायचं कसं ते शिकायचं.

हे शिक्षण मोठं मजेशीर असतं, असं लेकीच्या फोनवरून बाईंना कळलं. आयुष्यभर डावीकडे बसलेल्या माणसानं उजवीकडे बसायचं. हात उलटे, घड्याळं तिरकी दिसणार. विमान सांभाळता सांभाळता न थांबता बोलायचं. आणि विद्यार्थी कोण? तर खुद्द शिकवणारे मास्तर. साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. पोरं त्यांना सुईमास्तर म्हणत, कारण काहीही विचारलं तरी त्यांचं एकच उत्तर: "सुई काय म्हणते?" चहात साखर कमी आहे म्हटलं, तरी "सुई काय म्हणते?" खिशात रबराच्या चार चकत्या. विमानात बसले की मधेच एखाद्या घड्याळावर चकती चिकटवणार. "हे बिघडलं. आता?"

विद्यार्थ्याचं सोंग घेतलं की मास्तर लेकीला मॅडम म्हणत, अहोजाहो करत. "मॅडम, मला मळमळतंय हो." "मॅडम, माझं लग्न ठरलंय, लक्षच लागत नाही." एकदा तर अतिशहाणा विद्यार्थी झाले आणि तिलाच शिकवायला लागले. सोंग उतरलं की पुन्हा तू. "आता तू मला कधी थांबवायला हवं होतंस? सुई इथं होती तेव्हा. तू थांबवलंस ती सुई तिथवर गेल्यावर." लेक नकला करून सांगायची आणि बाबा फोनचा स्पीकर मोठा करून जिन्यातल्या शेजाऱ्यांनाही ऐकवायचे. "वैमानिकांना शिकवणार आमची पोरगी! आम्हाला साधी स्कूटर धड शिकवता आली नाही तिला."

शनिवारी सकाळी ती न कळवताच दारात उभी राहिली. बाबांना आनंद झाला. बाई तिच्या हातांकडे बघत होत्या. लेक आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं उघडून बघायची. त्या दिवशी तिनं एकही झाकण उचललं नाही.

बाबा भाजी आणायला बाहेर पडले तशी ती ओट्याशी येऊन उभी राहिली. बाई मटार सोलत होत्या. तिनंही एक मूठ ओढून घेतली.

"मंगळवारी ढगात गेलो होतो," ती म्हणाली. "मी आणि सुईमास्तर. आज कुठला विद्यार्थी, तर म्हणे, गुणी विद्यार्थी. काही चुकत नाही, सारखं विचारतो तेवढं. त्यांनी कृत्रिम क्षितिजावर चकती लावली."

"ते निळं-तपकिरी असतं ते?"

"हो. आभाळ वर, जमीन खाली. ते झाकलं की मग बाकीच्या सुया बघून अंदाज बांधायचा. त्यांनी खालच्या नियंत्रकाला आधीच सांगून वर-खाली मोकळी जागा घेतली होती, हे मला माहीत नव्हतं." तिनं एक शेंग सोलली आणि दाणे टरफलांच्या ढिगात टाकले. "मला म्हणाले, मॅडम, बरोबर चाललंय ना? मी म्हटलं, छान. असंच धरून ठेव. पुन्हा म्हणाले, मॅडम, नक्की सरळ आहे ना? मी म्हटलं, अगदी सरळ. घाबरू नकोस, मी आहे ना."

"मग?"

"मग म्हणाले, पोरी, हात काढ, विमान माझ्याकडे दे."

बाईंनी मटार बाजूला ठेवले.

"आम्ही केव्हापासून एका बाजूला कलून गोल फिरत होतो, आई. चारशे फूट खाली आलो होतो. वळणाची सुई एका कडेला टेकली होती, उंचीचं घड्याळ उतरत होतं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी बघत कुठं होते? खिडकीबाहेर. पांढऱ्यात. अंगाला सरळ वाटत होतं, म्हणून मी सरळ म्हणाले. अंगाला तसंच वाटतं, हे पहिल्याच धड्यात शिकवतात. मी स्वतः ते फळ्यावर लिहून दाखवते." ती हसायला गेली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी त्यांना शाबासकी देत होते गं. खाली जाताना."

खाली उतरल्यावर मास्तरांनी चहा मागवला. रागावले नाहीत. झापडांखाली तुझे किती तास, एवढंच विचारलं. पंचेचाळीस, ती म्हणाली. ते चहा ढवळत म्हणाले, "खिडकीकडे मान वळवायची सवय एका दिवसात लागत नाही."

"आणि ते खरं आहे," लेक म्हणाली. आवाज इतका खाली गेला की बाईंना पुढं झुकावं लागलं. "त्या पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात फट राहते. हनुवटी जराशी उचलली की बाजूच्या खिडकीतून जमिनीची कड दिसते. एवढीशीच दिसली तरी पुरतं. शेजारचा शिक्षक बाहेर बघत असतो, त्याला कळत नाही. आणि ऊन असलं तर तेही लागत नाही. खिडकीच्या दांडीची सावली घड्याळांवरून सरकते, त्यावरून कळतं आपण वळतोय का. मी कधी सुरू केलं मला आठवत नाही. माझ्या सुया सगळ्यांपेक्षा स्थिर असायच्या. माझं कौतुक व्हायचं. पंचेचाळीसमधले खरे... वीस असतील. पंधराही असतील."

मास्तरांनी मुदत दिली होती. परीक्षा सोमवारी नऊला. परीक्षकापुढं पाठवायचं तर त्यांची सही लागते. ते म्हणाले होते, "सोमवारी साडेसातला माझ्याकडे ये. पंचेचाळीस तास झापडांखालचे आहेत, असं माझ्याकडे बघून सांग. मी सही करतो. दुसरा एक शब्द विचारणार नाही. आणि तसे नसतील तर तेही सांग. मग आपण दोघं पहिल्यापासून बसू." पहिल्यापासून म्हणजे तीन-चार महिने. तोवर ती एकुलती एक जागा दुसऱ्या कुणाची तरी झालेली असणार.

"मला काही सुचेना म्हणून मी गाडीत बसले आणि आले," लेक म्हणाली. "बाबांना सांगितलं तर म्हणतील, त्या सुईमास्तरलाच काही येत नाही. तू मला खरं सांगशील. तुला ती मुलगी आठवते? शिलाईच्या दुकानातल्या मावशींची? तिचा पेपर तू भर परीक्षेत काढून घेतला होतास. मी मागच्या ओळीत होते. तेव्हा मला वाटलं होतं, आपली आई म्हणजे काय आहे! आणि तरी मी..."

"तरी काय?"

"काही नाही. तू सांग. तू म्हणशील ते मी करीन."

बाईंनी तोंड उघडलं. तीस वर्षांत हजारभर पोरांना जे सांगितलं, ते जिभेवर तयार होतं. पण ते बाहेर येईना. आणि मग कुणाचा तरी समजूतदार, गोड आवाज त्यांच्या कानांवर पडला, आणि तो आपलाच आहे हे कळायला त्यांना एक क्षण लागला. "अगं, सगळेच थोडंफार करतात. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तू हुशार आहेस. शिकवता शिकवता येईल तुला."

लेकीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी नुसतं आश्चर्य होतं. मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. "खरंच?" ती म्हणाली. "तू म्हणतेस असं?"

"मी म्हणतेय ना."

लेकीनं त्यांना मिठी मारली, लहानपणी मारायची तशी, कमरेला. मग तिनं एका डब्याचं झाकण उचलून आत बघितलं. दुपारी ती दोन वेळा वाढून घेऊन जेवली, संध्याकाळी तिनं बाबांना सुईमास्तरांची नक्कल करून दाखवली आणि रविवारी दुपारी हसतमुखानं गेली. जिन्यात बाबा तिला म्हणाले, "सोमवारी संध्याकाळी मॅडम म्हणून फोन कर. नुसती लेक म्हणून केलास तर उचलणार नाही आम्ही." बाई वर कठड्याशी उभ्या होत्या. लेकीनं खालून मान वर करून हात हलवला. बाईंनीही हलवला. हात हलवायची त्यांना आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नव्हती.

कारण त्यांना शिलाईवालीची मुलगी आठवत होती. चांगलीच आठवत होती.

अकरा वर्षं झाली. टायपिंगची वार्षिक परीक्षा, केंद्र बाईंचाच वर्ग. लेक सतरा वर्षांची, परीक्षेला बसलेली. खरं तर बाईंनी त्या दिवशी खोलीत थांबायलाच नको होतं, पण माणसं कमी होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या चष्म्याची काडी तुटली. "दहा मिनिटांत खालून बसवून आणतो, तुम्ही आहातच," म्हणून ते जिना उतरले. ते जातात न जातात तोच दुसऱ्या ओळीत एक ताल तुटला. शिलाईवालीच्या मुलीनं कोपरानं लाळेरं उचलून खाली बघितलं होतं. बाईंनी जाऊन तिच्या यंत्रातला कागद ओढून काढला.

"बाई, एकदाच बघितलं हो. एकदाच."

"एकदा बघितलं की पुढं बघावंच लागतं. ऊठ."

ती मुलगी रडली नाही. तिनं गळ्यातल्या नाड्या सोडल्या, लाळेऱ्याची नीट घडी घातली, स्टुलावर ठेवली आणि गेली. ती घडीच बाईंच्या जास्त लक्षात राहिली.

आणि मग मागच्या ओळीतून, कोपऱ्यातल्या यंत्रावरून, तो तुटका ताल आला. बाईंनी वळून पाहिलं. लेकीनं करंगळीनं चिमटा सोडवला होता. कापड मांडीवर घसरलेलं. मान खाली. लेक अक्षरं बघून बघून भराभर बडवत होती. बाईंची आणि तिची नजरानजर झाली नाही. लेकीला मान वर करायला सवडच नव्हती. बाईंपासून ते स्टूल सहा पावलांवर होतं. बाई वळल्या, खिडकीपाशी गेल्या आणि पदराच्या टोकानं चष्मा पुसू लागल्या. चष्मा स्वच्छ होता. परीक्षकांची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत त्या तो पुसत राहिल्या, आणि पाठीमागे तो ताल तुटत राहिला, तुटत राहिला. बाईंनी त्यातलं एकेक अक्षर ऐकलं.

लेक पहिल्या वर्गात पास झाली. बाबांनी प्रमाणपत्राला चौकट करून घेतली. ती अजून बाहेरच्या खोलीत आहे. शिलाईवालीच्या मुलीनं टायपिंग सोडलं. ती आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बिलं करते, दोन बोटांनी, खाली बघत. बाईंनी तिला एकदाच काचेतून पाहिलं. तेव्हापासून त्या साबण-काडेपेटीसाठीसुद्धा दोन चौक ओलांडून दुसऱ्या दुकानात जातात. बाबांना वाटतं, तिथं वस्तू ताज्या मिळतात.

म्हणजे लेक जिच्याकडे धावत आली होती, ती बाई कधी नव्हतीच. दुसऱ्याच्या पोरीला उठवायला जिचा हात थरथरला नाही आणि स्वतःच्या पोरीपाशी जिनं काणाडोळा केला, तिच्याकडे लेकीनं निवाडा मागितला होता. आणि बाईंनी दुसऱ्यांदा चष्मा पुसला होता. शनिवारी "सगळेच करतात" म्हणताना त्यांनी लेकीची समजूत घातलीच नव्हती. त्यांनी स्वतःला पाठीशी घातलं होतं.

सोमवारी सकाळी बाई उठल्या तेव्हा सहा वाजले होते. बाबा आधीच उठून इस्त्री करत होते. संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल येणार, तर अंगात बरा शर्ट हवा. गुणगुणत होते. फ्रिजच्या दाराला लेकीनं लावलेला कागद होता, अडीअडचणीला म्हणून दोन नंबर: एक तिच्या खोलीचा, दुसरा सुईमास्तरांचा.

बाई त्या कागदापुढं उभ्या राहिल्या. मास्तरांना फोन करायचा, सांगायचं, सही करू नका, हे त्यांना आधी सुचलं. ते सोपंही होतं. लेकीला कळणारही नव्हतं. मास्तर काहीतरी निमित्त काढतील, परीक्षा पुढं जाईल, लेकीचं आईबद्दलचं मत जिथल्या तिथं राहील. बाईंनी तो नंबर दोनदा वाचला आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. अकरा वर्षांपूर्वी खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या, आता फ्रिजशी. लेकीपुढं उभं राहायचं तेवढं टाळत होत्या.

फोन लेकीलाच करायला हवा होता. आणि "खरं सांग" असं म्हणून भागणार नव्हतं. तसं म्हटलं तर ती म्हणेल, परवा तर तू असं म्हणालीस, मग आज काय झालं? आणि त्याचं उत्तर द्यायचं तर खिडकीपाशी जावं लागणार होतं. मी त्या दिवशी तुला बघितलं होतं, असं सांगावं लागणार होतं. लेकीच्या मनातली ती ताठ मानेची आई, जिच्या भरवशावर ती पाच तासांचा प्रवास करून आली होती, ती फोन ठेवेपर्यंत उरणार नव्हती. लेक रागावेल. कदाचित म्हणेल, तेव्हाच का नाही उठवलंस? उठवलं असतं तर लेक वर्षभर बोलली नसती, एवढंच. आणि कदाचित तिची ती हनुवटी पट्टीखालून वर उचललीच गेली नसती.

पुन्हा ते पांढरं चित्र आलं. ह्या खेपेला बाईंनी डावीकडच्या खुर्चीत बसलेल्या पोराकडे बघितलं. त्याला चेहरा होता. कुणाचं तरी होतं ते पोर. त्याची आईही आत्ता कुठंतरी उठली असेल, आणि तिला कुणीतरी सांगितलं असेल, काळजी करू नका, शेजारी शिकवणाऱ्या मॅडम असतात ना.

सात वाजायला दहा मिनिटं होती. साडेसातला लेक मास्तरांच्या समोर उभी राहणार होती. बाईंनी हात पुसले, फोन घेतला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"अगं, कुणाला फोन एवढ्या सकाळी?" बाहेरून बाबांनी विचारलं.

"लेकीला."

"मग दार कशाला लावतेस? मलाही शुभेच्छा द्यायच्यात."

"तुम्ही नंतर द्या," बाई म्हणाल्या. "मला आधी तिच्याशी टायपिंगच्या परीक्षेबद्दल बोलायचंय."

"टायपिंगच्या? आज?" बाबांची इस्त्री थांबली. "तिला आज वर उडायचंय, आणि तू तिला टायपिंग कसलं सांगतेस?"

काय बोलायचं ते बाईंनी मनात तीन वेळा जुळवलं होतं आणि तिन्ही वेळा सुरुवात लेकीपासून केली होती. आता त्यांनी ती बदलली. सुरुवात शिलाईवालीच्या मुलीपासून करायची, मग चष्मा, मग बाकीचं. त्या ओट्याला टेकून, दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी नंबर लावला.